गेट, काटा आणि कॅमेरा एकाच वेळेवर

मी साखर कारखान्याचं नेटवर्क सांभाळतो. ट्रॅक्टर गेटवर नोंदतो, मग काट्यावर भरगाडीचं वजन होतं आणि गव्हाणीत ऊस टाकल्यावर रिकाम्या गाडीचं. काट्याचा पीसी सात मिनिटं मागे असेल, तर गाडी आत यायच्या आधीच तिचं वजन झालेलं दिसतं. अशा पावतीवर शेतकऱ्याने भरवसा ठेवायचा तरी कसा?

म्हणून सगळी घड्याळं जुळायला हवीत, पण त्यासाठी प्रत्येक पीसी इंटरनेटला जोडत बसू नका. यूपीएसवर चोवीस तास चालणारं एक लिनक्स मशीन निवडा आणि त्यावर क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम बसवा. बाहेर वेळ विचारायची ती फक्त यानेच. क्रोनीच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमध्ये एनआयसीचे (राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचे) दोन आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा एक, असे वेळ सांगणारे तीन सर्व्हर द्या. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशातही घड्याळं जुळवायला याच दोन संस्था दिल्या आहेत. दोनच सर्व्हर दिले आणि त्यांचं जुळलं नाही, तर चुकतोय कोण ते मशीनला ठरवता येत नाही.

त्याच फाइलमध्ये, वेळ कुणाला द्यायची ते सांगणाऱ्या 'अलाउ'च्या (allow) ओळीत आपल्या लॅनची, म्हणजे आतल्या नेटवर्कची, आयपी रेंज लिहा, फायरवॉलमध्ये वेळेच्या देवाणघेवाणीचं यूडीपी १२३ पोर्ट उघडा. 'लोकल स्ट्रॅटम १०' (local stratum 10) ही ओळ विसरू नका. गळीत हंगामात इंटरनेटची लाइन तुटली तरी या ओळीमुळे आतली सगळी घड्याळं एकमेकांशी जुळलेली राहतात, आणि आपल्याला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते.

मग विंडोज पीसी, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, हजेरीचं मशीन, सगळ्यांना या मशीनचा आयपी द्या. एनव्हीआरमध्ये टाइमझोन +५:३० आहे ना, तेही पाहा. विंडोज डोमेन, म्हणजे सगळ्या पीसींचं लॉगिन एका सर्व्हरवरून चालत असेल, तर विंडोजपैकी फक्त त्या मुख्य सर्व्हरला (डोमेन कंट्रोलरला) आयपी द्यायचा, बाकीचे पीसी डोमेनकडून वेळ घेतात. तिथे पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की लॉगिनच अडतं.

पुढे गेलेलं घड्याळ चालू काट्यावर मागे ओढू नका, एकच वेळ दोन पावत्यांवर छापली जाईल. काटा रिकामा असताना करा. क्रोनी एरवी घड्याळाची गती किंचित कमी-जास्त करून फरक मिटवते, उडी मारत नाही.

शेवटी लिनक्स मशीनवर 'क्रोनीसी सोर्सेस' (chronyc sources) ही कमांड चालवा. एका सर्व्हरपुढे तारा (*) दिसला की जुळलं. एखादा पीसी रोज जुनी तारीख घेऊन सुरू होत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. फरक पंधरा तासांच्या वर गेला, की डोमेनबाहेरचं विंडोज मूळ सेटिंगमध्ये तो आपणहून दुरुस्त करत नाही.