सायनसच्या रुग्णाची घरची शुश्रूषा

सायनसचा, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचा, त्रास बहुतेकदा सर्दीच्या विषाणूमुळेच होतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप उतरतो. शेंबूड हिरवा-पिवळा झाला एवढ्यावरून अँटिबायोटिक सुरू करू नका. तोवर शुश्रूषा करणाऱ्याचं मुख्य काम म्हणजे नाकाची वाट मोकळी ठेवणं, आणि त्याला मिठाच्या पाण्याने नाक धुण्यासारखा उपाय नाही.

पाणी खळखळ उकळू लागल्यावर किमान एक मिनिट तसंच उकळत ठेवा आणि झाकून कोमट होऊ द्या. आरओचं किंवा बाटलीतलं पाणीही उकळूनच घ्या. पिण्याजोगं पाणी नाकात घालण्याजोगं असेलच असं नाही. नेग्लेरिया हा अमीबा नाकावाटेच मेंदूत शिरतो. आजार दुर्मीळ, पण जवळजवळ नेहमीच जीवघेणा. एक लिटर पाण्याला ९ ग्रॅम मीठ, म्हणजे ५ मिलीचे सपाट दीड चमचे, आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तरी नाक झोंबतं, जास्त झालं तरी. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका.

रुग्णाला बेसिनवर वाकवून मान एका कुशीला कलती करायला सांगा. तोंड उघडं, श्वास तोंडानेच. वरच्या नाकपुडीत नेतीच्या (चोचीच्या) भांड्याने हळूहळू १००-१२० मिली पाणी सोडा. ते खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. जोर लावला किंवा रुग्णाने मध्येच आवंढा गिळला, तर पाणी कानाकडे जाऊन दडा बसतो. नाक पार चोंदलं असेल तर रेटू नका. नंतर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरायची.

स्टेरॉइडचा स्प्रे दिला असेल, तर तो नाक धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर फवारा मारत राहिलं की घोळणा फुटतो. गुण यायला काही दिवस लागतात.

चोंदलेलं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच दिवसांपुढे नकोत. नंतर थेंबांमुळेच नाक चोंदू लागतं. बीपीच्या रुग्णाने आधी डॉक्टरांना विचारावं.

वाफेने बरं वाटतं, संसर्ग जात नाही. उकळतं पातेलं पलंगावर नको, आणि लहान मुलांना वाफ नकोच. भाजण्याचे प्रकार असेच होतात. रात्री उशाला दोन उश्या.

दहा दिवसांत उतार नाही, बरं वाटून पुन्हा बिघडलं, किंवा घट्ट पिवळ्या शेंबडासह तीन-चार दिवस १०२ ताप राहिला, तर डॉक्टरांना दाखवा. डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणं, मान आखडणं किंवा गुंगी आली तर तडक रुग्णालय. मधुमेही रुग्णाचा गाल बधिर झाला, टाळूवर काळा डाग दिसला किंवा वरचे दात हलू लागले, तर रात्र काढू नका: २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिलेला म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) असाच सुरू होतो.

आणि एकाच बाजूने दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर वरच्या दाढा तपासून घ्या. त्यांची मुळं सायनसला अगदी खेटून असतात. किडकी दाढ तशीच राहिली तर नाक कितीही धुतलं तरी त्रास परत येतो.