गावातला काँक्रीट रस्ता: कागद कुठे मागायचे, टेप कुठे लावायची

सरकारी कामाची तक्रार बहुतेक वेळा उशिराच होते. रस्त्याला भेगा पडतात, पहिल्या पावसात कडा ढासळतात आणि मग निवेदन जातं. तोवर खडीचा थर काँक्रीटखाली गेलेला असतो, मोजमाप पुस्तिकेत नोंद झालेली असते आणि ठेकेदाराचं बिलही निघालेलं असतं. लक्ष ठेवायचं ते दोन वेळी: एखादा थर झाकला जाण्याआधी आणि बिल निघण्याआधी. बाकी वेळी रोज साइटवर जाऊन उभं राहिलात तरी फारसं हाती लागत नाही.

हिशेबासाठी गावांतर्गत रस्त्याचं साधं काम धरू. लांबी १०० मीटर, रुंदी ३ मीटर, खाली दबाई होऊन ७५ मिमी खडीकरण, वर १५० मिमी जाडीचं एम-२० (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) काँक्रीट. तुमच्या कामाचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत तीच.

आधी कागद

माहिती फलकावर कामाचं नाव, योजना, किंमत, ठेकेदार, सुरुवातीची तारीख आणि मुदत असायला हवी. प्रत्यक्षात हा फलक बऱ्याचदा काम संपल्यावर, फोटोपुरता उभा राहतो. त्यामुळे कागद मागवावेच लागतात. ऑनलाइन निविदा झालेली असेल तर ‘महाटेंडर्स’ संकेतस्थळावर निविदेची कागदपत्रं सापडतात. वित्त आयोगाच्या निधीतलं ग्रामपंचायतीचं काम असेल तर ‘ई-ग्रामस्वराज’वर खर्चाच्या नोंदी दिसतात. उरलेलं माहिती अधिकारात.

महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र ‘अ’ नमुन्यात, १० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह द्यायचा. एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून अर्जात गाऱ्हाणं लिहू नका, कागदांची नावं लिहा:

- तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, त्यातला गोषवारा आणि मोजमाप पत्रक
- कार्यारंभ आदेश आणि करारनामा
- मुदतवाढ दिली असल्यास ठेकेदाराचा अर्ज आणि मंजुरी आदेश
- या कामाच्या नोंदी असलेली मोजमाप पुस्तिकेची पानं
- साहित्य चाचणी अहवाल आणि आजवरची धावती देयकं (काम चालू असताना निघालेली बिलं)

उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. पण १०० मीटरचा रस्ता चार दिवसांत ओतून होतो, त्याला ३० दिवस थांबून कसं चालेल? म्हणून कार्यारंभ आदेश निघाल्याचं कळताच अर्ज टाका. शिवाय जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. पुष्कळ कार्यालयांना तो आठवत नाही; तुम्ही आठवण करून द्या.

कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ या व्याख्येतच कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं येतं. ही तरतूद फार कमी लोक वापरतात. इंजिनियरच्या उपस्थितीत पाहणी हवी असेल तर तसा स्वतंत्र अर्ज करा.

उशीर कुणाचा आणि कशामुळे

सार्वजनिक बांधकाम विभाग आणि जिल्हा परिषदेची बरीच कामं ‘बी-१’ नमुन्याच्या करारावर होतात. त्यातला क्लॉज २ विलंबाचा. पाव मुदतीत पाव काम, अर्ध्या मुदतीत अर्धं, पाऊण मुदतीत पाऊण काम व्हायला हवं. मागे पडल्यास दिवसाला अंदाजित किमतीच्या १ टक्क्यापर्यंत आणि एकूण १० टक्क्यांपर्यंत नुकसानभरपाई वसूल करता येते. म्हणजे सहा महिन्यांच्या मुदतीचं १० लाखांचं काम दीड महिना उलटूनही सुरूच झालं नसेल, तर तेव्हाच लेखी विचारता येतं. सहा महिने संपायची वाट बघावी लागत नाही. कमाल वसुली एक लाखाची. प्रत्यक्षात अनेकदा नाममात्र दंड लावून मुदतवाढ दिली जाते, म्हणून मुदतवाढीचा आदेश मागवून त्यात कारण काय लिहिलंय ते वाचा. क्लॉज ६ प्रमाणे अडथळा आल्यापासून ३० दिवसांत ठेकेदाराने अर्ज करायचा असतो. डिसेंबरमधल्या अडथळ्याचा अर्ज मेमध्ये आलेला दिसला, तर तो अर्ज बिलासाठी बनवलेला असण्याचीच शक्यता जास्त.

काही कारणं खरी असतात. विजेचा खांब हलवायचा असतो, अतिक्रमण असतं, पाइपलाइन टाकायची राहिलेली असते. पाण्याची लाइन बाकी असेल तर रस्ता थांबवलेलाच बरा. नळजोडणीसाठी नवा रस्ता खोदणारी गावं कमी नाहीत. निधी अडकल्यामुळे मागची बिलं थकली की ठेकेदार हात आखडतो, हेही खरं. निविदा फार कमी दराने गेली असेल तर मूळ ठेकेदार काम दुसऱ्याला देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि साइटवर फक्त मुकादम उरतो. बांधकाम विभागाच्या निविदांत दर अंदाजित किमतीपेक्षा १० टक्क्यांहून जास्त खाली गेला की जास्तीची सुरक्षा अनामत घेतात, ती याच भीतीने. ती भरली होती का, हेही विचारा.

आचारसंहितेचं कारण मात्र नीट तपासा. कार्यारंभ आदेश निघूनही जागेवर सुरुवात झालेली नसेल तर आचारसंहितेत काम सुरू करता येत नाही. पण जे काम जागेवर आधीच सुरू झालंय ते चालू ठेवायला मनाई नसते. उलट बाजूने, मार्चअखेर अचानक वेग घेणाऱ्या कामाकडे जास्त बघा. निधी परत जाऊ नये म्हणून काम होण्याआधीच मोजमाप चढवलं जातं ते याच काळात.

उशीर झाला म्हणून चिडून काम अडवू नका. एक तर इंजिनियरशी झटापट झाली तर सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा लागू शकतो. पूर्वीचं कलम ३५३, आता भारतीय न्याय संहितेचं १३२. आणि दुसरं, ‘ग्रामस्थांनी काम बंद पाडले’ हे ठेकेदाराला मुदतवाढीसाठी मिळालेलं आयतं कारण असतं.

खडीचा थर

दबाईनंतर ७५ मिमी हवं असेल तर खडी सैल अवस्थेत सुमारे १०० मिमी पसरावी लागते. १०० मीटर × ३ मीटर × ०.१ मीटर म्हणजे ३० घनमीटर, सुमारे साडेदहा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण एक ब्रासची धरली तर दहा-अकरा खेपा. पाचच खेपा आल्या असतील तर थर अर्धाच आहे, टेप लावायचीही गरज नाही. रोलर फिरला की नाही, पाणी मारलं की नाही, हे त्याच दिवशी बघा. जुनं खडीकरण नवीन म्हणून मोजलं जाणं ही इथली नेहमीची लबाडी आहे, म्हणून काम सुरू होण्याआधी मूळ रस्त्याचे फोटो काढून ठेवा. फोटोवर तारीख आणि अक्षांश-रेखांश उमटवणारं ॲप वापरा. फ्रेममध्ये एखादं घर, खांब, मंदिराची पायरी अशी न हलणारी खूण येऊ द्या.

खडीची रॉयल्टी भरल्याच्या पावत्या किंवा बिलातून झालेली रॉयल्टीची कपात हा आणखी एक पुरावा. कागदावर ३० घनमीटर आणि पावत्या १२ च्या, असं दिसलं तर फरक लेखी विचारता येतो.

काँक्रीट ओतायचा दिवस

सकाळी ओतकाम सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर आडवी दोरी ताणा आणि दोरीपासून खालच्या थरापर्यंत टेपने मोजा: कडेला, मध्यभागी, पुन्हा कडेला. दर १० मीटरला एकदा. रस्ता झाल्यावर फळ्या काढल्या की कडेची जाडी सगळ्यांना दिसते, म्हणून कडेला १५ सेंमी आणि मध्ये १० असा खेळ होतो. मध्ये उंचवटा ठेवून खडी पसरलेली असेल तर तो तिथेच पकडला जातो. शाखा अभियंता जागेवर असेल तर त्याच्यासमोर मोजा. तो नसेल तर तो नाही, हीसुद्धा तारीख-वेळेसह लिहून ठेवायची नोंद आहे. एकेका शाखा अभियंत्याकडे अनेक गावांची कामं असतात; अडचण खरी आहे, पण मोजमाप पुस्तिकेत त्याच दिवशीची सही असेल तर ती कशी, हा प्रश्न उरतोच.

आता सिमेंट. १०० × ३ × ०.१५ म्हणजे ४५ घनमीटर काँक्रीट. १:१॥:३ (सिमेंट, वाळू, खडी) या प्रमाणाला घनमीटरमागे सुमारे ८ गोण्या लागतात, म्हणजे ३६० च्या आसपास. मिक्स डिझाइनने, म्हणजे प्रयोगशाळेत ठरवलेल्या मिश्रणाने काम असेल तर त्या अहवालात घनमीटरमागे किती किलो सिमेंट ते लिहिलेलं असतं. त्याला ५० ने भागा. संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजणं ही सगळ्यात स्वस्त तपासणी. गोण्यांवरचा उत्पादनाचा आठवडाही बघा. तीन महिन्यांहून जुन्या सिमेंटची पुन्हा चाचणी व्हायला हवी.

वाळू-खडी घमेल्याने मोजली की प्रमाण मुकादमाच्या मर्जीवर. त्यासाठी फर्मा, म्हणजे मापाची पेटी असते: ३५ सेंमी × २५ सेंमी × ४० सेंमी, बरोबर ३५ लिटर, एका गोणीएवढा. एका गोणीला दीड फर्मा वाळू, तीन फर्मे खडी. साइटवर फर्मा नसेल तर हा पहिला लेखी मुद्दा.

पाणी हा खरा शत्रू. एम-२० च्या ठरावीक मिश्रणात एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर, तेही वाळूतला ओलावा धरून. ढकलायला सोपं जावं म्हणून मजूर बादलीवर बादली ओततात. मग खडी खाली बसते आणि वर नुसता सिमेंटचा रबडा तरंगतो. वर्षभरात तोच धूळ होऊन उडतो. पालथ्या शंकूची स्लंप चाचणी घ्यायला सांगा. हाताने पसरायच्या काँक्रीटला २५ ते ७५ मिमी बसकण पुरते. शंकू उचलल्यावर ढीग पसरून सपाट झाला तर माल परत.

वाळूतली माती बघायला काचेची बाटली पुरे. अर्धी वाळू, वर मीठ घातलेलं पाणी, जोरात हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुवायला हवी.

रेडीमिक्स, म्हणजे प्लँटवरून तयार काँक्रीट येत असेल तर प्रत्येक गाडीची चलन-पावती बघा: ग्रेड, घनमीटर, भरल्याची वेळ. ६ घनमीटरच्या गाड्या असतील तर ४५ घनमीटरला आठ खेपा. पाचच आल्या आणि रस्ता पूर्ण झाला, तर जाडी कुठे गेली ते वेगळं सांगायला नको.

क्यूब, म्हणजे ताकद तपासायला साच्यात भरलेले काँक्रीटचे ठोकळे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे ३१ ते ५० घनमीटरला किमान चार नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे बारा. ते तुमच्यासमोर, चालू मिक्सरमधल्या मालातून भरलेले असावेत, त्यावर तारीख कोरलेली असावी. आणि कागदावरची एक मेख: २८ दिवसांचा अहवाल २८ दिवसांआधी येऊ शकत नाही. ओतल्यानंतर पंधरा दिवसांत अंतिम बिल निघालं असेल, तर त्याला जोडलेला अहवाल या काँक्रीटचा नाही.

सांध्यांचे काप दुसऱ्या दिवसापर्यंत मारावे लागतात, जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतके खोल. १५ सेंमीच्या रस्त्याला ४ ते ५ सेंमी, अंतर अंदाजे अडीच ते चार मीटर. उशीर झाला की रस्ता स्वतःच वाकडातिकडा चिरतो. त्यानंतर १४ दिवस वाफे करून पाणी. सकाळ-संध्याकाळ पाइपने शिंपडणं म्हणजे क्युरिंग नव्हे, आणि मे महिन्यात तर अजिबातच नव्हे. टँकरचा खर्च अंदाजपत्रकातल्या दरात धरलेला असतो.

तक्रार लिहिताना

‘काम निकृष्ट आहे, चौकशी व्हावी’ या वाक्यावर काहीही होत नाही. असं लिहा: ‘अमुक तारखेला, अमुक घरापासून ४० मीटरवर मध्यभागी जाडी १०५ मिमी आढळली, अंदाजपत्रकातील बाब क्रमांक ५ प्रमाणे १५० मिमी अपेक्षित. संयुक्त मोजणी होईपर्यंत या बाबीचे देयक देऊ नये.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. पत्र कार्यकारी अभियंत्याला, प्रत उपअभियंता, गट विकास अधिकारी आणि मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. ‘आपले सरकार’ पोर्टलवर तेच पत्र टाका. उत्तर आलं नाही तर ग्रामसभेत ठराव आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन.

काम आधीच झालेलं असेल तर कोअर, म्हणजे रस्त्यात भोक पाडून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा, काढायची मागणी करा. कमीत कमी तीन कोअर, जागा तुम्ही आणि इंजिनियर मिळून ठरवायची, ठेकेदाराने नव्हे. सरासरी ताकद अपेक्षेच्या ८५ टक्के आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नको. जाडीही त्याच तुकड्यावर मोजली जाते.

बिल निघाल्यावर

करारात दोषदायित्व कालावधी दिलेला असतो. त्याची शेवटची तारीख काढून ठेवा. तेवढ्या काळात पडलेल्या भेगा, उखडलेले सांधे, खचलेल्या कडा ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना पाच वर्षांची देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि तक्रार ‘मेरी सडक’ ॲपवर करता येते. पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये, संपूर्ण रस्ता मीटरमध्ये मोजत फिरा आणि दोषांची यादी फोटोंसह द्या. कालावधी संपायच्या महिनाभर आधी दुसरी यादी द्या आणि त्याच पत्रात सुरक्षा अनामत परत केली आहे का, केली असल्यास कुणाच्या पाहणी अहवालावरून, हे विचारा.