मुलांना घेऊन गळ टाकायला: पवना धरणाकाठची दोन दिवसांची सुट्टी

मासे पकडायच्या सहलीत बाबांना मोठा मासा हवा असतो आणि बाकी सगळे उन्हात कंटाळून बसतात. दुपारपर्यंत मुलं मोबाइलमध्ये जातात, आई गाडीत. म्हणून मुलं बरोबर असतील तर बेत लहान माशाचाच करा. साधी काठी, काठालगतचं पाणी, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. एवढं ठरलं की बाकीची आखणी सोपी होते.

उदाहरणासाठी मावळातलं पवना धरण घेऊ. पुणे आणि मुंबई, दोन्हीकडून एका दिवसात आरामात पोचता येतं. गाडी नसेल तर पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरायचं आणि तिथून वाहन करून पवनानगर गाठायचं. भोवती तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर हे गड असल्यामुळे गळाला काही लागलं नाही तरी दिवस फुकट जात नाही.

आधी महिना ठरवा

जून ते सप्टेंबर जाऊ नका. रोहू, कटला, मृगळ हे मासे पावसाळ्यात वीण घालतात. पोटात गाभोळी, म्हणजे अंडी, असलेला मासा पकडला तर पुढची सगळी पिढी गेली. शिवाय काठ निसरडे असतात आणि पाणी गढूळ. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्च हे दिवस चांगले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाणी गार पडतं, मासा सुस्तावतो, मुलंही कुडकुडतात. तेव्हा गेलात तर ऊन वर येईपर्यंत घाई करू नका.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की धरणात बुडालेलं वाघेश्वराचं जुनं मंदिर उघडं पडतं. ते पाहायला जरूर जा, पण मुलांना घेऊन गळ टाकायला तो काळ बरा नव्हे. नुकतंच पाणी ओसरलेल्या जागी वरून कोरडी दिसणारी माती आत चिखल असते आणि पाय गुडघ्यापर्यंत रुततो.

परवानगी: ही पायरी चुकवू नका

धरणाचं पाणी सरकारी असलं तरी त्यातला मासा कोणाच्या तरी पोटापाण्याचा असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक जलाशयांत मासेमारीचा ठेका दिलेला असतो आणि बऱ्याच ठिकाणी तो स्थानिक मच्छिमार सहकारी संस्थेकडे असतो. ती माणसं पैसे भरून धरणात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडतात आणि वर्षभर राखतात. तेव्हा गावात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे ठेका कोणाकडे आहे ते विचारायचं आणि त्यांना भेटायचं. मुलांना हौस आहे, काठावरून काठीने दोन-चार चिलापी (तिलापिया मासे) धरू, एवढं सरळ सांगा. पैसे मागितले तर द्या. नाही म्हणाले तर वाद घालू नका. कर्जतच्या आसपास पैसे घेऊन गळ टाकू देणारी खाजगी तळी आहेत, तिकडे बेत वळवा.

भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि लावलेल्या जाळ्यांच्या आसपास गळ टाकायचा नाही. त्याला परवानगीही मागू नका.

राहायची जागा

पवनेच्या काठी तंबूंच्या जागा खूप आहेत आणि शनिवारी रात्री त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मोठ्याने गाणी चालतात. पहाटे उठायचं असेल तर मधल्या वारी जा, किंवा गावातलं घरगुती राहणं शोधा. पैसे भरण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: काठापर्यंतचा उतार सौम्य आहे का, तिथे गळ टाकू देतात का, आणि मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आहेत का. तिसऱ्याचं उत्तर गुळमुळीत आलं तर जॅकेट घरूनच घेऊन निघा. तसंही घरूनच नेलेली बरी.

सामान

रीळ लावलेली महागडी काठी पहिल्या सहलीला घेऊ नका. मुलांचा सगळा वेळ गुंता सोडवण्यात जातो. दहा-बारा फुटांचा हलका बांबू, त्याच्या टोकाला काठीएवढाच लांब तंगूस (नायलॉनचा दोरा), तरंग म्हणून मोरपिसाच्या दांडीचा तुकडा, शिशाचा छोटा मणी आणि आठ ते दहा नंबरचा गळ. गळाच्या नंबरात आकडा वाढेल तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात ठेवा.

घरीच एक काम करून ठेवा. गळाच्या टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून सपाट करा. त्यामुळे एखादा मासा निसटेल, पण कोणाच्या बोटात गळ घुसला तर तो आला तसा बाहेर निघतो. दर काठीमागे दोन गळ जादा ठेवा. पकड, कात्री, जुना सुती पंचा, झाकणाची बादली, टोप्या आणि मलमपट्टीचा डबाही घ्या.

गाठ अशी मारा. तंगूस गळाच्या भोकातून ओवा आणि मोकळं टोक मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेळा गुंडाळा. आता भोकाला लागून जी पहिली फट राहिली असेल तिच्यातून टोक काढा आणि जो मोठा फास तयार झाला त्यातूनही ओढून घ्या. थुंकीने ओलं करून हळूहळू घट्ट करा. कोरडाच ओढला तर तंगूस घासून कमजोर होतो आणि नेमका मासा लागल्यावर तुटतो. आठ-नऊ वर्षांचं मूल ही गाठ एका संध्याकाळीत शिकतं. निघायच्या आदल्या रात्री जेवणानंतर बसवा.

आमिष आणि जागा

कणीक घट्ट मळा, त्यात थोडी शेंगदाण्याची पेंड आणि तिंबताना चिमूटभर कापूस घाला, म्हणजे गोळी पाण्यात लवकर सुटत नाही. गोळी वाटाण्याएवढी हवी. मोठी केली तर मासे नुसतं कुरतडतात. गांडूळ मिळाले तर त्याहून चांगले.

चिलापी काठालगत असते. निवळ उथळ पाण्यात तळाला थाळीएवढे गोल खळगे दिसले तर मुलांना दाखवा. नर चिलापी ते खणून घरटं करतो, आणि मादी अंडी तोंडात धरून उबवते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आता देशी माशांच्या जागा बळकावून बसला आहे. त्यामुळे खाण्यापुरत्या चिलापी घेताना मन खाण्याचं कारण नाही. रोहू-कटल्याची पिल्लं लागली तर मात्र ओल्या हाताने सोडवून लगेच पाण्यात सोडा.

तरंग नुसता थरथरला तर थांबायचं. तो तिरका होऊन बुडाला की मनगटाने हलका झटका द्यायचा. काठी डोक्यावरून फेकायची नाही, मागे कोणीतरी उभं असतं.

मासा बाहेर आला की पहिल्यांदा मोठ्यांनी धरावा. चिलापीच्या पाठीवर काट्यांची रांग असते. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत काटे मिटवायचे आणि मगच मूठ आवळायची. मिशांचा शिंगाडा मासा लागला तर मुलांना हात लावू देऊ नका. त्याच्या पाठीचा आणि बाजूच्या परांचा काटा खोल जातो आणि ठणका लागतो. पंच्यात धरून पकडीने गळ काढा.

पाण्याचं भय बाळगा

पवनेत दर वर्षी माणसं बुडतात, त्यात पोहता येणारेही असतात. धरण म्हणजे बुडालेलं खोरं: खाली जुने बांध, ओढे, झाडांचे खुंट आहेत. दोन पावलं घोट्याएवढं पाणी आणि तिसऱ्या पावलाला तळच नाही, असं होतं. काठावर असताना मुलांच्या अंगात जॅकेट असलंच पाहिजे, पाण्यात उतरणार नसली तरी. एका मोठ्या माणसाने गळ धरायचाच नाही, फक्त मुलांकडे बघायचं, आणि ही पाळी तासातासाने बदलायची. लांब दोर हाताशी ठेवा. कोणी पडलंच तर मागे उडी न मारता दोर किंवा काठी पुढे करा. दारू पिऊन काठावर कोणीही येणार नाही, हे घरातूनच ठरवून निघा.

पवनेऐवजी दुसरं पाणी निवडलंत तर तिथे मगरी आहेत का ते गावकऱ्यांना विचारा. मुंबईच्या पवई तलावात आणि सांगलीकडे कृष्णेत त्या आहेत.

दुपार आणि जेवण

दहानंतर काठ्या गुंडाळा. तिकोना मुलांना झेपतो, पण उन्हात नको. एक सकाळ गळाला आणि एक गडाला द्या. चिलापी साफ करून मीठ आणि चिंचेच्या कोळात अर्धा तास ठेवली की चिखलाचा वास जातो. मग हळद, तिखट, आलं-लसूण लावून तांदळाच्या पिठात घोळवा आणि तव्यावर आतपर्यंत शिजू द्या.

निघताना तुटलेला तंगूस एकूण एक गोळा करा. तो कुजत नाही, आणि बगळ्या-पाणकावळ्यांच्या पायात अडकला की पक्षी तिथेच मरतो. गळ मोजून बुचात टोचा, जितके आणले तितके भरले पाहिजेत. उरलेलं आमिष आणि जिवंत मासा दुसऱ्या तळ्यात सोडू नका.