लॉकवर उत्तर लिहिताय? या चुका टाळा

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांमध्ये एक तक्ता वर्षानुवर्षं हातोहात फिरतोय. तीन रकाने, सामाजिक कराराचा सिद्धांत मांडणाऱ्या तिघा विचारवंतांचे: हॉब्स, लॉक, रूसो. डावीकडे मानवी स्वभाव, निसर्गावस्था (सरकार नसतानाची माणसाची स्थिती), करार, सार्वभौम. प्रत्येक चौकटीत चार-चार शब्द. परीक्षेच्या आदल्या रात्री तो तोंडपाठ होतो आणि सकाळी पेपरात तिघांची मिसळ उतरते. सराव उत्तरं तपासणाऱ्यांनी ती किती दिवस खायची?

हॉब्सची निसर्गावस्था लॉकच्या नावावर

ही माझी खास नावडती चूक. एका सराव परीक्षेच्या गठ्ठ्यात एकामागून एक तेच वाक्य आलं: "लॉकच्या मते निसर्गावस्थेतील जीवन एकाकी, दरिद्री, ओंगळ, पाशवी व अल्पायुषी होते." हे वर्णन हॉब्सचं, १६५१ च्या 'लेव्हायथन'मधलं. कुठल्यातरी नोट्समध्ये रकाना घसरला असणार आणि सगळ्या वर्गाने तो भक्तिभावाने उतरवला. पण त्याच उत्तरांत पुढच्या पानावर होतं, "म्हणून लॉक जनतेला प्रतिकाराचा हक्क देतो." एकाला बाजूला घेऊन विचारलं, "अरे, सरकार मोडल्यावर माणसं त्या पाशवी अवस्थेतच परत जाणार असतील, तर लॉक ते मोडू देईल कशाला?" त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "सर, पण दोन्ही मुद्द्यांना वेगवेगळे मार्क आहेत ना?"

मार्क मिळतीलही, पण लॉकचा सगळा युक्तिवाद याच सांध्यावर उभा आहे. त्याच्या निसर्गावस्थेतही निसर्गनियम असतो. कुणी कुणाच्या जीविताला, स्वातंत्र्याला, मालमत्तेला इजा करू नये, हे विवेकच शिकवतो. युद्धावस्था निराळी, आणि दोन्ही एकच समजणाऱ्यांना तो आपल्या 'सेकंड ट्रीटिज' या ग्रंथाच्या कलम १९ मध्ये स्पष्ट शब्दांत सुनावतो. अडचण तीन गोष्टींची, कलमं १२४ ते १२६: सर्वांना ठाऊक असलेला ठरलेला कायदा नाही, निःपक्ष न्यायाधीश नाही, निकाल अमलात आणणारी ताकद नाही. आपल्याच भांडणात आपणच न्यायाधीश म्हटल्यावर शिक्षा जास्तच होणार. ही गैरसोय मिटवायला सरकार. मग त्या सरकारने गैरसोयीहून मोठं संकट होऊन कसं चालेल? निरंकुश राजसत्तेबद्दल कलम ९३ मध्ये तो विचारतो: कोल्ह्यांसारख्या जनावरांच्या उपद्रवापासून जपणारी माणसं सिंहाने फाडून खाण्यालाच सुरक्षितता मानतील, इतकी मूर्ख आहेत का? हे एकदा वाचलेला विद्यार्थी पुन्हा रकाना चुकवत नाही.

माझी सवय सांगतो. लॉकबद्दलच्या प्रत्येक विधानाशेजारी समासात कलमाचा क्रमांक लिहितो. 'सेकंड ट्रीटिज'मध्ये २४३ कलमं आहेत, बहुतेक परिच्छेदाएवढी. क्रमांक सापडला नाही तर विधान खोडायचं. मुलं म्हणतात यात वेळ जातो. जातोच.

संमती म्हणजे मतदान, किंवा संमती म्हणजे काहीही

"लॉकच्या मते जनता निवडणुकीत संमती देते." इतकं सरळ असतं तर आठवं प्रकरण एका पानात आटोपलं असतं. तिथे दोन पायऱ्या आहेत. समाजात सामील होताना प्रत्येकाची स्वतःची संमती लागते. समाज झाला की पुढचे निर्णय बहुमताने. सरकार या कराराचा पक्षकार नाही, ते विश्वस्त आहे. त्यामुळे "राजा आणि प्रजेतील करार" असं लिहिलंत की मी पुढचं वाचतो ते रागानेच.

दुसऱ्या टोकाला मूक संमतीचे उत्साही लोक. कलम ११९ मध्ये लॉक म्हणतो की राज्यात जमीन धारण करणारा, आठवडाभर मुक्काम करणारा, अगदी हमरस्त्याने मोकळेपणी जाणाराही मूक संमती देतो. हे वाचून मंडळी लिहितात, "रस्त्यावर चाललात की सरकारच्या सगळ्या कृतींना होकार." आणखी तीन कलमं वाचायची तसदी घेतली असती तर? कलम १२२: एवढ्याने कुणी त्या समाजाचा सदस्य होत नाही. तिथे असेपर्यंत कायदे पाळायचे, बस. परदेशी माणूसही पाळतोच. आणि सदस्यांच्या बाबतीतही सरकारला मोकळं रान नाही. कलम १३९ मधला सार्जंट शिपायाला तोफेच्या तोंडी चालत जायचा हुकूम देऊ शकतो, पण त्याच्या खिशातली एक पेनी मागू शकत नाही.

मूक संमतीवर टीका करायचीच असेल तर तत्त्वज्ञ ह्यूमचा १७४८ चा निबंध घ्या. झोपेत जहाजावर आणून टाकलेल्या माणसाने, समुद्रात उडी मारायची मोकळीक असूनही, जहाजावर राहून कप्तानाला संमती दिली म्हणायची का, असा त्याचा सवाल आहे. "लॉक कालबाह्य आहे" ही टीका नव्हे.

बाकीच्या, पटापट

"इंग्लंडमधल्या १६८८ च्या क्रांतीचं समर्थन करायला लॉकने ग्रंथ लिहिला." छापला त्यानंतर, १६८९ च्या अखेरीस, मुखपृष्ठावर १६९० घालून आणि लेखकाचं नाव न देता. पण बराचसा मजकूर त्याआधीच्या दशकातल्या राजकीय झगड्यात तयार झाला होता, असं अभ्यासक मानतात. १६८३ मध्ये लॉक हॉलंडला पळाला होता.

त्याच ग्रंथाचा पहिला भाग, 'फर्स्ट ट्रीटिज', वगळणे. त्यात राजेशाहीचा समर्थक फिल्मर याचा "राजसत्ता आदामाकडून वारशाने आली" हा दावा खोडलाय. कंटाळवाणा आहे, मान्य. पण दुसऱ्यात तो कुणाशी भांडतोय ते निदान ठाऊक हवं.

"सुखाचा शोध" लॉकच्या हक्कांच्या यादीत घालणे. ती यादी १७७६ च्या अमेरिकी जाहीरनाम्यातली.

महात्मा फुल्यांच्या हक्कविचाराला लॉक चिकटवणे. फुल्यांनी वाचला तो टॉमस पेन. सरळ तेच लिहा.

लॉकला देव्हाऱ्यात बसवणे. 'फर्स्ट ट्रीटिज'च्या पहिल्याच वाक्यात गुलामगिरीला नीच म्हणणाऱ्या या माणसाचे पैसे गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत गुंतलेले होते.

"छोट्याशा चुकीवरही बंड करा, असं लॉक सांगतो." कलम २२५ वाचा. बारीकसारीक चुका लोक सोसतात, असं तोच म्हणतो. लागते ती अत्याचारांची लांबलचक मालिका.

आणि घाईच असेल तर निदान दुसरं, तिसरं, आठवं, नववं आणि एकोणिसावं प्रकरण याच क्रमाने वाचा. हॉब्सचं पुस्तक तोवर कपाटात ठेवा. तक्ताही.