शाळेतल्या खाऊवरून पालकांचे मतभेद असतील, तर बैठक कशी घ्यावी

डब्यात रोज पोळी-भाजीच हवी असा आग्रह धरणारे आणि 'बिस्किटाचा पुडा दिला, तर निदान मूल उपाशी राहत नाही' असे म्हणणारे पालक एकाच वर्गात असतात, आणि दोघांचीही अडचण खरी असते. त्यामुळे शिक्षक-पालक संघाने बैठकीत पदार्थांची यादी थेट मांडण्याऐवजी आधी तक्रारींची वर्गवारी करावी: कोणत्या मुलांच्या जिवाशी निगडित आहेत, कोणत्या घरच्या रीतीभातींच्या आहेत आणि कोणत्या निव्वळ सोयीच्या आहेत.

पहिल्या प्रकारावर मत घेण्याचा प्रश्नच येत नाही. एखाद्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, तर ती लेखी नोंदवून घ्यावी आणि त्या वर्गात वाढदिवसाला चिक्की वाटायची नाही, हे तिथेच ठरवून टाकावे.

रीतीभातींच्या बाबतीत बहुमताने केवळ कटुता वाढते. तेथे पर्याय ठेवावा. राज्य शासनाने नोव्हेंबर 2023 मध्ये पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचे ठरवले, तेव्हा न खाणाऱ्या मुलांसाठी केळ्याची सोय ठेवली होती. तरीही विरोध झाला आणि जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा निधी थांबला, हे खरे. पण शाळेच्या पातळीवर, कोणाच्याही ताटाकडे बोट न दाखवता, हाच मार्ग अधिक चालण्यासारखा आहे.

खरा वाद सोयीच्या खाऊवरच होतो आणि बैठकीचा बहुतेक वेळ त्याला द्यावा. मुले आणतात त्या पुड्यांची रिकामी वेष्टने टेबलावर ठेवून ती सर्वांनी वाचावीत. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असल्यामुळे मैद्यापाठोपाठ साखर आली की वेगळे भाषण करावे लागत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि आवारापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. मात्र हा नियम विक्रीचा आहे, डब्याचा नाही. त्याचा धाक पालकांना दाखवू नये. पहाटेच कामाला निघणाऱ्या आईला 'ताजे करून द्या' असे सांगण्यापेक्षा भाजके चणे, राजगिऱ्याचा लाडू किंवा केळे सुचवणे शहाणपणाचे.

जेथे शाळेतच आहार शिजतो, तेथे पाचवीपर्यंत 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने हे निकष समोर ठेवून चर्चा करावी. शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के सदस्य पालकच असतात. त्यांनी अधूनमधून वाढपाच्या वेळी हजर राहून चव घ्यावी आणि डाळ किती पातळ आहे, ते स्वतः पाहावे.

महिनाभराने परत आलेले डबे पाहावेत. भाजी तशीच राहत असेल, तर प्रत्येक वेळी दोष आवडीचा नसतो. रांगेत हात धुण्यातच निम्मी मधली सुट्टी संपत असेल, तर सुट्टी दहा मिनिटांनी वाढवण्याचा विषय मुख्याध्यापकांपुढे ठेवावा.