अंड्यात रक्तवाहिन्या कशा जुळतात हे जिवंत बघायचं असेल तर

टीवायला (बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला) झूलॉजी असलेल्या पोरांना चिक एम्ब्रियोच्या म्हणजे कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणाच्या स्लाइड्स पाठ असतात, उबवल्यापासून १८ तास, २४, ३३, ४८, ७२, जर्नलमध्ये चित्र काढायचं, सही घ्यायची, विषय संपला. पण स्लाइडवरचा भ्रूण रंगवलेला आणि मेलेला, त्यात कुठली पेशी कुठून चालत आली ते कसं दिसणार. बहुतेकांच्या डोक्यात असं असतं की आधी हृदय तयार होतं आणि मग त्यातून फांद्या फुटत फुटत रक्तवाहिन्या अंगभर जातात. तसं होत नाही. वाहिन्या आधी हृदयापासून लांब, बलकावर, सुट्या सुट्या तुकड्यांत तयार होतात आणि मग एकमेकींना जोडल्या जातात, ठाण्याच्या घोडबंदर रोडला मेट्रोचं काम जसं सगळीकडे एकदम चालू होतं आणि जोडणी नंतर झाली तसं. हे स्वतःच्या डोळ्याने बघायला फार खर्च लागत नाही, थोडं प्लॅनिंग लागतं.

पहिली गोष्ट अंडी. दुकानातली ट्रेमधली पांढरी अंडी चालत नाहीत, त्या कोंबड्यांनी कोंबडा बघितलेलाच नसतो, कितीही उबवा काही होणार नाही. मुरबाड, शहापूर, उरण साइडला कोणी ओळखीचं असेल आणि त्यांच्याकडे कोंबडा मोकळा फिरत असेल तर ती गावठी अंडी आणा, किंवा हॅचरीवाल्याकडून फर्टाइल सांगून घ्या. अंडं फोडल्यावर ओळखता येतं, बलकावर पांढरा ठिपका असतो तो बारीक आणि भरीव दिसला तर फलित नाही, आणि तीन-चार मिलिमीटरचा, मध्ये फिकट नि कडेला रिंग असा दिसला तर फलित.

आणल्यावर अंडी फ्रिजमध्ये नको, ओट्यावरही नको. साधारण २०-२१ अंशाच्या खाली भ्रूण थांबून राहतो आणि त्याच्या वर गेलं की हळूहळू, वेडावाकडा वाढायला लागतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात किचनमध्ये ३३-३४ सहज असतं, म्हणजे तुम्ही उबवायला ठेवण्याआधीच अंडं स्वतःच्या मनाने सुरू झालेलं असतं आणि मग तुमचे तास काहीच जुळत नाहीत. थर्माकोलच्या डब्यात टॉवेलात गुंडाळलेला आइस पॅक ठेवून १५-१८ अंश धरा, आठवड्याच्या आत वापरा.

इनक्युबेटर म्हणजे दुसरा थर्माकोलचा डबा, ४० वॉटचा साधा पिवळा बल्ब (एलईडी नको, तो गरमच होत नाही), मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो तसा डिजिटल थर्मोस्टॅट, आणि एक वाटी पाणी. ३७.५ ते ३८ अंश. आपण तीनच दिवस थांबणार म्हणून ह्युमिडिटीचं टेन्शन घेऊ नका, खाडीकाठी ती असतेच. बल्ब आणि अंडं यात मात्र अंतर ठेवा. आणि गावी खुडूक कोंबडी मिळत असेल तर तिच्यासारखं मशीन नाही, पण तिच्याखालून वेळेवर अंडं काढणं तुम्हाला जमलं पाहिजे.

आता मेन युक्ती. एकच अंडं रोज फोडून बघत बसू नका, वेगवेगळ्या वेळी ठेवा आणि सगळी एकदम उघडा. रविवारी सकाळी १० ला बघायचं ठरवलं तर गुरुवारी सकाळी १० ला पहिली दोन-तीन (७२ तास), शुक्रवारी सकाळी १० ला पुढची (४८), शुक्रवारी रात्री १० ला (३६) आणि शनिवारी सकाळी १० ला शेवटची (२४). थंड डब्यातलं अंडं आतपर्यंत तापायला तीन-चार तास जातात, तेवढं आधी ठेवा. आडवं ठेवायचं आणि वरच्या बाजूला पेन्सिलने तारीख-वेळ लिहायची, कारण भ्रूण बलकाच्या वरच्या अंगाला येतो, म्हणजे तुमच्या पेन्सिलच्या खुणेखालीच.

उघडताना मेडिकलमधली सलाइनची बाटली (०.९ टक्के) ३८ अंशाला गरम करून ठेवा. अंडं आडवंच धरून टोकाकडून सुई खाली वळवून सिरिंजने तीन-चार एमएल पांढरं काढा, भ्रूण कवचापासून खाली सरकतो. मग वर सेलोटेप लावून बारीक कात्रीने खिडकी कापा, टेपमुळे कवचाचे तुकडे आत पडत नाहीत. आत सगळं पिवळ्यावर पिवळं असतं, फारसं काही दिसत नाही, म्हणून शेलॅक (लाख) नसलेली काळी ड्रॉइंग इंक सलाइनमध्ये पातळ करून भ्रूणाच्या खाली सुईने अगदी थोडी सोडा. काळ्यावर एकदम सगळं उठून दिसतं. कॉलेजमध्ये फिल्टर पेपरची रिंग करतात, मध्ये भोक पाडलेला पेपर भ्रूणाभोवती चिकटवायचा, बाहेरून कापायचं, उचलून वॉच ग्लासात धुवायचं, ते मायक्रोस्कोपला बरं पडतं. मोबाइलला मॅक्रो लेन्स असली तरी चालतंय.

आता बघायचं काय. २४ तासांच्या अंड्यात लाल काहीच नसतं म्हणून लोक ते बाजूला सारतात, पण खरी हालचाल त्याच सुमारास चालू असते. मधोमध जी रेघ असते ती प्रिमिटिव्ह स्ट्रीक, तिथून वरच्या थरातल्या पेशी आत बुडी मारतात आणि दोन थरांच्या मधून बाहेर सरकत जातात, हाच मधला थर, मेसोडर्म. मागच्या भागातून आत गेलेल्यांपैकी बऱ्याच पेशी भ्रूणाच्या बाहेर बलकावर जाऊन घोळके करतात, त्यांना ब्लड आयलंड म्हणतात, १८१७ मध्ये पांडर नावाच्या भ्रूणशास्त्रज्ञाने कोंबडीच्या भ्रूणातच बघितलेली. घोळक्याच्या बाहेरच्या पेशी चपट्या होऊन वाहिनीचं अस्तर म्हणजे एंडोथेलियम होतात आणि आतल्या रक्तपेशी. तिसाव्या तासाच्या पुढे मागच्या कडेला लालसर ठिपके दिसायला लागतात, कारण आतल्यांत हिमोग्लोबिन आलेलं असतं.

३६ तासांचं अंडं सगळ्यात निवांत बघा. ठिपके लांबट होऊन एकमेकांना टेकलेले असतात, जाळी झालेली असते, आणि भ्रूणाच्या डोक्याखाली हृदयाची नळी नुकतीच फडफडायला लागलेली असते, पण रक्त अजून नीट वाहत नसतं. म्हणजे आधी पाइप, नंतर पंप. १९१८ साली चॅपमन नावाच्या संशोधकाने कोवळ्या भ्रूणांचं हृदयच काढून टाकलं होतं, तरी बलकावरची जाळी झाली, फक्त त्यातून मोठ्या धमन्या-शिरा निघाल्या नाहीत. फ्लोरेन्स सेबिन या संशोधिकेने १९२० च्या सुमारास जिवंत ब्लास्टोडर्म (बलकावरची भ्रूणाची चकती) तासन्‌तास मायक्रोस्कोपखाली बघून सुट्या पेशींतून वाहिनी कशी होते ते लिहून ठेवलं, तेही स्लाइड रंगवायच्या भानगडीत न पडता, आणि मला विचाराल तर आजही तीच पद्धत बरी.

पेशी चालतात हे नुसतं बघून सिद्ध होत नाही हे पण खरं. त्यासाठी निकोल ल दुआरँ या फ्रेंच संशोधिकेने १९६९ मध्ये एक भारी शक्कल काढली, जपानी बटेराच्या पेशी कोंबडीच्या भ्रूणात लावायच्या, बटेराच्या पेशीचं केंद्रक वेगळं दिसतं, म्हणजे कोण कुठून आलं ते कळतं. पुढे बटेराचं एंडोथेलियम ओळखणारी अँटिबॉडी आली आणि लावलेल्या तुकड्यातल्या पेशी यजमानाच्या वाहिन्यांत शिरताना दिसल्या. त्यांना बोलावतं कोण, तर मुख्यतः व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन. उंदरात त्याच्या जीनच्या दोनपैकी एक कॉपी जरी गेली तरी भ्रूण पोटातच मरतो, १९९६ मध्ये दोन लॅबनी वेगवेगळं दाखवलं. कॅन्सरची गाठही तेच सोडून स्वतःकडे वाहिन्या ओढून घेते, म्हणून आपल्या खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ठिकाणी काम करायचं स्वप्न असेल तर ही अंडी आत्ताच बघून ठेवा.

४८ तासांत हृदय वळलेलं दिसतं, ठोके मोजता येतात, जाळीच्या कडेने गोल वाहिनी असते ती सायनस टर्मिनलिस. ७२ ला दोन्ही बाजूंच्या जाड धमन्या भ्रूणातून काटकोनात बाहेर पडताना दिसतात. इथे पाच मिनिटं नुसतं एका धमनीवर फोकस लावून बसा, रक्त कुठल्या दिशेला चाललंय ते बघा. २००४ मध्ये एका ग्रुपने असली धमनी क्लिपने उचलून अडवली तर तिच्यापुढे प्रवाह उलटला आणि ती चक्क शिरेसारखी वागायला लागली, म्हणजे धमनी की शीर यात नुसत्या पेशीच्या नशिबाचा नाही, प्रवाहाचाही हात असतो. घरी हे करायला जाऊ नका, बघणं पुरे.

फोटो काढताना सलाइन गार होऊ देऊ नका, गार झालं की ठोके मंदावतात आणि तुम्हाला वाटतं काहीतरी बिघडलं. थोडं गरम सलाइन घातलं की परत जोर येतो.

गावठी अंड्याच्या कवचावर साल्मोनेला असू शकतो, त्यामुळे हात साबणाने, कात्री उकळत्या पाण्याने, आणि यातलं एकही अंडं खायचं नाही. एखादं जास्तीचं अंडं न फोडता चौथ्या-पाचव्या दिवशी अंधारात बोथट टोकाला टॉर्च लावून बघा, लाल जाळी आणि मध्ये काळा ठिपका कवचातूनही दिसतो. पण तिथेच थांबा, २१ व्या दिवशी पिल्लू बाहेर आलं आणि पुढे सोसायटीत कोंबडा आरवायला लागला तर सेक्रेटरी दारात उभा. बघून झालेली अंडी पिशवीत बांधून एक दिवस फ्रीझरमध्ये आणि मग ओल्या कचऱ्यात.