शाळांसाठी समूहगीते: रचनेपासून प्रकाशनापर्यंतचा घरगुती व्यवसाय

घरात एक जण शब्द लिहितो, दुसरा चाल लावतो आणि तिसरा हिशेब पाहतो, अशी विभागणी असेल तर शालेय समूहगीतांचे प्रकाशन हा चांगला घरगुती व्यवसाय होऊ शकतो. मात्र आपला ग्राहक कोण, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. गाणे मुले गातात आणि पुस्तकाचे पैसे मुख्याध्यापक मंजूर करतात, पण ते निवडणारी आणि शिकवणारी व्यक्ती म्हणजे एखादी मराठीची किंवा इतिहासाची शिक्षिका असते. बहुतेक शाळांत स्वतंत्र संगीतशिक्षक नसतो आणि पेटी असली तरी तिचे दोन सूर बसलेले असतात. तेव्हा संगीत न शिकलेल्या शिक्षिकेला तासाभरात चाळीस मुलांकडून ज्याचे पहिले कडवे म्हणवून घेता येईल, तेच गाणे प्रकाशनयोग्य समजावे.

चाल बांधताना पहिला विचार पट्टीचा, म्हणजे गाण्याचा षड्ज (‘सा’) पेटीच्या कोणत्या सुरावर धरायचा याचा, करावा, कारण शालेय गीते सर्वांत जास्त येथेच फसतात. पाचवी ते सातवीच्या मुलांचा गळा साधारणपणे मधल्या सप्तकातील पांढरी एकपासून (म्हणजे पेटीवरच्या त्या सप्तकाच्या पहिल्या पांढऱ्या सुरापासून; काळे सूरही असेच मोजतात) वरच्या सप्तकातील पांढरी एक किंवा दोनपर्यंत सहज फिरतो. शिक्षिकेने स्वतःच्या सोयीने खालच्या सप्तकातील काळी चार हा षड्ज धरला की लहान मुले पहिल्या ओळीत नुसती पुटपुटतात; आणि काळी एकमध्ये गाणारे गुरुजी मुलांपेक्षा एक सप्तक खाली गात असल्यामुळे त्यांचे अनुकरण करणारी मुले घसा घोगरा करतात. यावर उपाय असा की, चाल मध्य (मधल्या सप्तकातील) षड्जापासून तार (वरच्या सप्तकातील) षड्जापर्यंत राहणार असेल तर पांढरी एक किंवा काळी एक सुचवावी. ती मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातील ‘प’पर्यंत) उतरत असेल तर पांढरी चार घ्यावी आणि वर मध्य धैवताच्या (‘ध’च्या) पुढे जाऊ नये. आठवी-नववीत मुलांचे आवाज फुटू लागतात. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा षड्ज-पंचमाभोवती फिरणारी एक वेगळी, अरुंद ओळ लिहून द्यावी. ती मुले त्या ओळीवर खूश असतात, असा आमचा अनुभव आहे.

ताल केरवा, दादरा किंवा भजनी ठेका यांपैकी असावा. रूपकाच्या सात मात्रा मुलांना आवडतात, पण टाळ्या धरून शिकवणाऱ्या शिक्षिकेचा त्यात गोंधळ होतो. एका श्वासात तालाच्या दोन आवर्तनांपेक्षा (फेऱ्यांपेक्षा) लांब ओळ ठेवू नये, आणि उंच स्वरावर ‘आ’ किंवा ‘ए’ येईल अशी शब्दयोजना करावी. तेथे जोडाक्षर आले की चांगला गळाही आवळतो. त्यासाठी कवीने शब्द बदलायला तयार असले पाहिजे, आणि कवी घरातलाच असेल तर हे भांडण जेवणाच्या ताटावर मिटवता येते.

दोन आवाजांत गाण्याची सवय आपल्या शाळांत फारशी नाही, तरी ती सोप्या मार्गाने लावता येते. पहिला गट एक ओळ गातो आणि एका आवर्तनानंतर दुसरा गट तीच ओळ सुरू करतो, अशी रचना भूप किंवा दुर्गा या रागांत सुरक्षित असते, कारण त्यांत अर्ध्या अंतरावरचे दोन स्वर मुळातच नाहीत. दोन ओळी एकमेकींवर पडल्या तरी कानाला बोचत नाहीत. बिलावल थाटाच्या, म्हणजे सातही शुद्ध स्वरांच्या, पूर्ण सप्तकात मात्र गंधार-मध्यम (ग-म) आणि निषाद-षड्ज (नि-सा) या अर्ध्या अंतराच्या जोड्या एकत्र वाजण्याची भीती असते, म्हणून तेथे प्रत्येक मात्रा तपासून पाहावी लागते.

गाणे बसले की ते कागदावर उतरवावे. आपल्याकडे स्वरलेखनाची भातखंडे पद्धत सर्वाधिक परिचित असल्याने तीच घ्यावी: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली बिंदू, तार सप्तकाला वर बिंदू, समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) गुणिलेचे चिन्ह आणि खालीला (टाळी न देण्याच्या मात्रेला) शून्य. संगणकावर यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. केरवाच्या आठ मात्रांसाठी आठ रकान्यांचा तक्ता करून वरच्या ओळीत स्वर आणि खालच्या ओळीत अक्षरे लिहिली की काम भागते. तार षड्ज ‘सां’ असा अनुस्वाराने टंकलिखित होतो आणि लांबवलेल्या अक्षरासाठी अवग्रह (ऽ) वापरता येतो. अक्षर आणि स्वर एकाच रकान्यात एकाखाली एक आले आहेत का, हे छपाईपूर्वी दोघांनी वेगवेगळे तपासावे. आमच्या पहिल्या पुस्तिकेत एका पानावरचे रकाने एका घराने सरकले होते, आणि ते आमच्या लक्षात येण्याआधी एका शाळेने ते गाणे तसेच चुकीचे बसवलेही होते. इंग्रजी माध्यमाच्या शाळांसाठी पाश्चात्त्य स्वरलेखन जोडायचे असल्यास म्यूजस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी विषय सक्तीचा झाल्यामुळे या शाळाही मराठी गीतांच्या शोधात असतात.

छपाईपूर्वी गाणे एका वर्गात तपासावे. संगीतकाराने मागच्या बाकावर बसून शिक्षिकेला केवळ कागद आणि ध्वनिमुद्रण यांवरून शिकवू द्यावे व मध्ये तोंड उघडू नये. ती जेथे अडखळेल, तेथे चूक रचनेची आहे असे धरावे.

आता हक्कांविषयी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार शब्द आणि संगीत या दोन वेगळ्या कृती आहेत आणि त्यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जुनी कविता घेताना त्यामुळे वर्षे मोजावी लागतात. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले काव्य २०११ पासून सर्वांना खुले आहे. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, परंतु त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. मरणोत्तर प्रकाशनात मुदत प्रकाशनापासून मोजली जात असल्याने ती २०१३ पासून मुक्त झाली. कुसुमाग्रजांच्या कवितेला मात्र २०५९ अखेरपर्यंत लेखी परवानगी लागेल. शब्द मुक्त असले तरी त्यांची लोकप्रिय चाल मुक्त असेलच असे नाही, म्हणून चाल आपलीच बांधावी.

घरातल्या घरातही हक्कांचे कागद करावेत. हस्तांतरण लेखी असल्याशिवाय वैध ठरत नाही. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारत मानला जातो. भावाभावांत कशाला कागद, असे म्हणणाऱ्यांनी पुढच्या पिढीतल्या चुलतभावांचा विचार करावा.

शाळांच्या बाजूने कायदा उदार आहे. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने प्रत काढणे, तसेच विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शाळेशी संबंधित व्यक्ती यांच्यापुरता कार्यक्रम करणे, हा हक्कभंग होत नाही. त्यामुळे झेरॉक्स काढणाऱ्या शाळांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. प्रतीमागे किंमत लावण्याऐवजी एका शाळेला एक संच द्यावा: शिक्षिकेची प्रत, मुलांसाठी छापून घेण्याजोगी शब्दांची पाने, गायनासह एक आणि केवळ वाद्यांचे एक ध्वनिमुद्रण, शक्यतो दोन पट्ट्यांत. तिकीट लावलेला कार्यक्रम किंवा ध्वनिमुद्रणाची विक्री यांसाठी वेगळी परवानगी ठेवावी आणि तिचा नमुना पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापावा.

पुस्तिकेला मधली पिन किंवा स्पायरल असावी, कारण पेटीवर उघडी न राहणारी पुस्तिका निरुपयोगी ठरते. पहिल्या खेपेस दोन-तीनशे प्रती डिजिटल छपाईने काढाव्यात. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख) क्रमांक भारतात राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनाशुल्क मिळतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना स्वखर्चाने प्रत पाठवावी लागते. अनेक छोटे प्रकाशक हे विसरतात. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही, पण डाउनलोडने विकलेल्या ध्वनिमुद्रणाला ती सूट लागू नसल्यामुळे दोन्हींचे हिशेब वेगळे ठेवावेत.

शेवटी वेळापत्रक. जूनमध्ये शाळा उघडतात आणि जुलैत १५ ऑगस्टच्या तालमी सुरू होतात, म्हणून देशभक्तिगीतांचा संच मेअखेर तयार हवा. स्नेहसंमेलनाची गीते दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शिक्षिकेच्या हातात पडली पाहिजेत, कारण सुट्टीनंतर ती निवड करत नाही, तालीम घेते. ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन यांसाठी नव्या गीतांना मागणी असते, आणि या दोन दिवसांची गीते लिहायला आम्ही गणपती उठले की बसतो.